अंध मुलांची शिक्षिका व्हायचंय, पण ही नोकरी की समाजसेवा? जरा सविस्तर सांगते

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुमचं बी.एस्सी. झालंय, लातूरकडच्या गावात राहता, शेजारच्या अंध मुलीला गणित शिकवता शिकवता हे काम आवडायला लागलं आणि आता साधं बी.एड. न करता दृष्टिदोषाचं स्पेशल बी.एड. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात ही समाजसेवा झाली, नोकरी नव्हे. आणि शेवटी तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, नोकरी आणि पगाराचं काय, ब्रेल यायला किती दिवस लागतात आणि अशा मुलांमध्ये सतत राहून मनाला त्रास होतो का. मी या कामात वीसेक वर्षांच्या वर आहे, आधी निवासी अंधशाळेत होते, मग काही वर्षं तालुक्यातल्या साध्या शाळांमध्ये फिरून शिकवलं, आता परत अंधशाळेत आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

मला वाटतं तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, की हे काम दयेचं आहे की शिक्षकाचं. माझं उत्तर स्पष्ट आहे, हे शिकवण्याचं काम आहे आणि शिकवण्यातलं अवघड काम आहे. मुलांची कीव येते म्हणून जे येतात ते एकतर लवकर थकतात, नाहीतर मुलांचं सगळं स्वतःच करायला लागतात. डबा उघडून द्यायचा, लेस बांधून द्यायची, पेपर तपासताना "बिचारा आहे" म्हणून चार मार्क जास्त. मग तो मुलगा दहावी पास होऊन बाहेर पडतो आणि त्याला स्वतःच्या कपात चहा ओतता येत नाही. याउलट "ही गोष्ट हिच्या डोक्यात नेमकी कशी शिरेल" या विचारात ज्यांना रात्री झोप लागत नाही ते टिकतात. तुम्ही लिहिलंय की त्या मुलीला अपूर्णांक समजावे म्हणून तुम्ही भाकरीचे तुकडे करून तिच्या हातात दिलेत. तुम्ही योग्य जागी आहात असं मला त्या एका वाक्यावरून वाटलं, बाकी सगळं शिकता येतं.

आता कामाचं स्वरूप. लोकांना वाटतं ब्रेल शिकवलं की झालं. पण ब्रेल हे साधन झालं, खरा वेळ जातो तो कल्पना तयार करण्यात. डोळस मूल शाळेत येण्याआधीच हजारो गोष्टी नुसत्या बघून शिकलेलं असतं, आपण त्या शिकवल्या हे आपल्याला आठवतही नाही. अंध मुलाला जेवढं हाताला लागलं तेवढंच कळलेलं असतं.

एक उदाहरण देते. चौथीच्या वर्गात वाहनांवर बोलत होतो. सगळी मुलं दिवाळीला, उन्हाळ्याला एसटीने घरी जाणारी. मी म्हटलं बस कशी असते सांगा, तर त्यांनी सांगितलं पायऱ्या, दांडा, सीट, खिडकीची गज, कंडक्टरची टिकटिक. सगळं आतलं. बसला बाहेरून तोंड असतं, मागे शिडी असते, चाक आपल्या छातीपर्यंत येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग डेपोत जाऊन परवानगी काढली आणि एका उभ्या बसला मुलांनी पुढच्या बंपरपासून हात लावत लावत पूर्ण फेरी मारली. हेडलाइटची काच, मग वायपर, त्यासाठी एकेकाला उचलून घ्यावं लागलं, मग दार, चाकाचे नट, डिझेलच्या टाकीचं झाकण. एक पोरगा मध्येच थांबून म्हणाला, "बाई, ही संपतच नाही." सगळी सकाळ त्यात गेली. पुढच्या आठवड्यात त्यानेच मातीची बस केली आणि तिला चाकं बाहेरच्या बाजूला, जागच्या जागी लावली. बाहेरच्या माणसाला वाटेल पोरांना सहलीला नेलं, पण त्या महिन्यातला माझा सगळ्यात महत्त्वाचा तास तोच होता. तुम्हाला असे तास स्वतः शोधून काढावे लागतील, पुस्तकात तयार मिळत नाहीत.

आता ब्रेल. अक्षरं ओळखायला तुम्हाला महिना दीड महिना पुरेल, घाबरू नका. सहा टिंबं, वाचताना डावीकडे वरून खाली १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६, त्यांचे ६३ आकार, बस. १९५१ पासून भारती ब्रेल आपल्या बहुतेक सगळ्या भाषांना एकच आहे, म्हणजे मराठी, हिंदी, तमिळ सगळीकडे क ची खूण तीच. छापील मराठीपेक्षा काही बाबतीत ते सरळ आहे. स्वर नेहमी व्यंजनाच्या नंतर येतो, म्हणजे "कि" लिहिताना आधी क आणि मग इ, वेलांटी मागे जाऊन काढायची भानगड नाही. जोडाक्षरात चौथं टिंब आधी येतं, "भक्ती" म्हणजे भ, चौथं टिंब, क, त, ई. एवढं कळलं की वाचता येतं.

अवघड जातं ते पाटीवर लिहिणं. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीने मागून टोचायचं असतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. त्यात काही अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत. ए म्हणजे १ आणि ५, इ म्हणजे २ आणि ४. मुलगी "केस" लिहायला जाते आणि "किस" होतो. ह आणि ज चं तेच, "हात" चं "जात" होतं. बरेच नवीन शिक्षक इथे मुलांना ओरडतात, की लक्ष नाही म्हणून. लक्ष असतं, पण तुम्ही अक्षर आकाराने शिकवलंय आणि आकार लिहिताना उलटतो. मी लिहायला शिकवताना डावं आणि उजवं हे शब्द वापरतच नाही. "आधीची बाजू" आणि "नंतरची बाजू" म्हणते, कारण लिहा किंवा वाचा, १-२-३ ची रांग नेहमी आधीच येते. सुरुवातीला सहा खणांचा अंड्यांचा ट्रे आणि त्यात लिंबं, टिंबांचे नंबर मोठ्याने म्हणायचे, आणि हात बसला की मगच पाटी. शाळेत पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेल टाइप करायचं मशीन, असेल तर आणखी सोपं, त्यावर सरळच लिहिलं जातं, पण मशीन घरी नेता येत नाही, पाटी दप्तरात मावते, म्हणून पाटी आलीच पाहिजे या मताची मी आहे.

तुम्ही स्वतः ब्रेल डोळ्यांनी वाचाल, आम्ही डोळस शिक्षक सगळे तसंच वाचतो, पण रोज थोडं डोळे मिटून बोटानेही वाचत जा. अंधशाळांमध्ये बरेच शिक्षक स्वतः अंध असतात, त्यांच्या शेजारी बसून बघा, एक हात ओळ वाचत असतो तेव्हा दुसरा पुढच्या ओळीचं टोक शोधून ठेवतो. मुलांना वाचनाचा वेग कसा द्यायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकले, कोर्समध्ये हे कुणी दाखवलं नव्हतं.

"आता मोबाईल बोलतो, कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे, ब्रेल कशाला हवं" हे तुम्हाला पालक विचारतील, काही अधिकारीसुद्धा विचारतील. तंत्रज्ञान हवंच. सहावी-सातवीपासून कीबोर्ड यायला हवा, मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड पद्धतीने शिकवा, मोबाईलवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक शिकवा, सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तक कसं घ्यायचं ते शिकवा. पण फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला शब्द कसा लिहितात हे माहीतच नसतं. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, परिच्छेद कुठे तुटतो, गणितातली मांडणी, हे कानाने येत नाही. माझ्यासमोर बारावीची हुशार मुलं आलीत ज्यांना स्वतःचं आडनाव लिहिताना अडायला व्हायचं, कारण लहानपणी कुणीतरी ठरवलं की याला ऑडिओ पुरे. म्हणून निदान सातवीपर्यंत तरी ब्रेल रोज, यावर मी तडजोड करत नाही. यात एक परिस्थितीचा भाग आहे, मुलाला बोटांची संवेदना कमी असेल किंवा मतिमंदत्व सोबत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. आणि ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यावर ब्रेल उगाच लादू नये, त्यांना जाड काळ्या ओळींची वही, मार्कर, वाचनाचा स्टँड, भिंग आणि खिडकीजवळची योग्य जागा द्या. अंधशाळेतली सगळी मुलं पूर्ण अंध नसतात, कायद्यानेच सुधारलेल्या चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असली की अंधत्व धरतात, म्हणजे त्यातल्या कित्येकांना उजेड, रंग, हालचाल कळते. जूनमध्ये प्रत्येक मूल नक्की काय बघतं हे आधी तपासा, मगच माध्यम ठरवा.

गणिताबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तुम्ही बी.एस्सी. आहात. या क्षेत्रात भाषा आणि समाजशास्त्र शिकवणारे मिळतात, गणित आणि विज्ञान नीट शिकवणारे फार कमी आहेत. परिणाम असा की पाचवी-सहावीत गुणाकार अवघड जायला लागला की "याला गणित कशाला" म्हणून सोडून दिलं जातं आणि त्याच क्षणी त्या मुलाचे अर्धे रस्ते बंद होतात. साधनं आहेत. टेलर फ्रेम या गणिताच्या पाटीत आठ कोनांच्या खाचा असतात, त्यात धातूचा छोटा ठोकळा (टाइप) कुठल्या दिशेने बसवला यावर अंक ठरतो, उभी मांडणी त्यामुळे हाताला कळते. अंध मुलांच्या ऍबॅकसला, म्हणजे मण्यांच्या पाटीला, मण्यांखाली फेल्टचं जाड कापड असतं, त्यामुळे हात फिरवला तरी मणी सरकत नाहीत. भूमितीला रबराचा मॅट आणि त्यावर प्लास्टिकची शीट, पेनाने दाबून रेघ मारली की ती तिथेच उठून येते. तुम्ही सध्या शेजारच्या मुलीला सगळं तोंडी शिकवताय असं दिसतं. तोंडी हिशोबात अंध मुलं पटाईत होतात आणि त्यामुळेच आपण फसतो, कारण दोन पायऱ्यांच्या पुढे गणित गेलं की डोक्यात मावत नाही आणि मांडणीची सवय नसते. आजपासून ऍबॅकस चालू करा.

दहावीच्या वर्गाला शिकवाल तेव्हा लेखनिकाचं प्रकरण कळेल. परीक्षेत लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा, मिळतो आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. पण उत्तर सांगणं ही वेगळी कला आहे. पूर्णविराम, नवीन परिच्छेद, कंसात काय, छेदात काय हे स्वतः बोलून लिहून घ्यावं लागतं, मध्येच "आधीच्या ओळीत काय लिहिलं ते वाच" असं न लाजता म्हणता आलं पाहिजे. मी नववीपासून दर आठवड्याला याचा सराव घेते आणि लेखनिक म्हणून मुद्दाम अनोळखी मुलं बोलावते, कारण ओळखीचा लेखनिक न सांगितलेलंही समजून घेतो, परीक्षेतला घेत नाही.

आता नोकरी. हे नीट समजून घ्या, कारण इथे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि घरच्यांशी बोलताना ते वेगवेगळे मांडावे लागतील. पहिला दरवाजा विशेष शाळेचा. महाराष्ट्रात या शाळा शिक्षण खात्याकडे नाहीत, त्या दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात, आयुक्तालय पुण्यात आहे. अनुदानित शाळेत मंजूर पदावर लागलात तर पगार सरकारी वेतनश्रेणीने, बाकी शिक्षकांसारखाच. विनाअनुदानित शाळेत मात्र संस्था देईल ते मानधन, कुठे बरं, कुठे अगदीच तुटपुंजं. दुसरा दरवाजा समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जी अंध मुलं शिकतात त्यांच्यासाठी गटसाधन केंद्रातून फिरणारी विशेष शिक्षिका. हे वर्षानुवर्षं कंत्राटी राहिलं आणि यात आमच्या बऱ्याच सहकाऱ्यांची उमेदीची वर्षं गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला आणि कायम पदं निर्माण करायला सांगितलं, त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते प्रमाण ठरवलं, प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मागे एक. दिशा चांगली आहे, पण प्रत्यक्ष भरतीचा वेग राज्यावर आणि वर्षावर अवलंबून आहे, त्यावर भरवसा ठेवून कर्ज काढू नका.

दोन्ही दरवाज्यांना किल्ली एकच, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. या परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. कोर्स आरसीआय मान्यतेचाच हवा. बारावीनंतर डी.एड. स्पेशल दोन वर्षं, पदवीनंतर बी.एड. स्पेशल दोन वर्षं, दोन्हीत दृष्टिदोष ही शाखा निवडायची. पास झाल्यावर सीआरआर, म्हणजे परिषदेचा नोंदणी नंबर मिळतो आणि तो ठराविक काळाने नूतनीकरण करावा लागतो, त्यासाठी प्रशिक्षणं करून पॉइंट जमवावे लागतात. थोडक्यात घरी असं सांगा, पात्रता पक्की, मागणी खरी, पण कायम पद मिळेपर्यंत काही वर्षं कमी पैशात काढायची तयारी हवी. तेवढी सोय घरात नसेल तर साधं बी.एड. आधी करून हे नंतर करणं यात काहीही कमीपणा नाही.

रोजच्या कामाचं एक वेगळं चित्र डोक्यात असेल तर तेही काढून टाका. हेलन केलर आणि ऍन सुलिव्हन यांची गोष्ट आपण सगळे वाचून आलेलो असतो, एक शिक्षिका आणि एक मुलगी, दिवसरात्र. आपल्याकडे वर्गात आठ-दहा मुलं, त्यात दोघं ब्रेलला नवीन, एकाला थोडं दिसतं, एकाला ऐकायलाही कमी येतं, एक वयाने मोठा पण पहिल्यांदाच शाळेत आलेला. हल्ली बहुविकलांग मुलं जास्त येतात, कारण नुसती अंध असलेली बरीच मुलं गावातच साध्या शाळेत जातात. आणि वर्गाबाहेरचं काम वेगळंच, पांढरी काठी, रस्ता ओलांडणं, शर्टाची बटणं, नोटा वेगवेगळ्या घडीने ठेवणं, मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःचं स्वतः करायला शिकवणं. यातलं शेवटचं बहुतेक घरात कुणी शिकवलेलं नसतं आणि शाळेतल्या बाईंनीच करायचं असतं.

पालक तुम्हाला प्रांजल पाटील यांचं नाव घेऊन विचारतील, उल्हासनगरची मुलगी, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकली आणि आयएएस झाली, मग आमची होईल का. मुलांना ही उदाहरणं जरूर सांगा, पण मापाची पट्टी ती ठेवू नका. माझी एक विद्यार्थिनी आज बँकेत आहे, एक जण टेलिफोन ऑपरेटर होता आणि आता संगीताचे क्लास घेतो, एक मुलगी लग्न करून घर चालवते आणि दळण स्वतः आणते. तिच्या आईला मुलगी कधी चुलीजवळ जाईल असं वाटलं नव्हतं. मला या तिघांचाही सारखाच अभिमान आहे.

मनाला त्रास होतो का? होतो, पण लोकांना वाटतं त्या गोष्टीचा नाही. मुलं अंध आहेत याचं आठवड्याभरात काही वाटेनासं होतं, ती इतर मुलांसारखीच भांडतात, खोड्या काढतात, होमवर्क बुडवतात. त्रास होतो तो ज्यांची नजर हळूहळू जाते त्यांचा. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची मुलं असतात, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, आणि आठवी-नववीत एक दिवस मूल म्हणतं बाई फळ्यावर आज काहीच नाहीये का. अशा मुलाला नजर आहे तोवरच ब्रेल आणि काठी शिकवायला लागते आणि घरचे म्हणतात अजून दिसतंय ना, कशाला अपशकुन करता. तिथे तुम्हाला ठाम राहावं लागतं आणि त्या मुलासोबत बसून रडूही द्यावं लागतं. दुसरा त्रास दहावीनंतर मुलींना घरी बसवतात त्याचा. तेव्हा पालकांना सांगा की सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा २०१६ च्या कायद्याने आहेत, कॉलेजची फी माफ कुठे होते, हॉस्टेल कुठे आहे, आणि हे सगळं कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. नुसतं समजावून मुलगी परत येत नाही, पत्ता आणि फॉर्म हातात असला तर कधीकधी येते.

आता तुम्ही लगेच करायच्या गोष्टी. ऍडमिशन घेण्याआधी कुठल्यातरी निवासी अंधशाळेत निदान आठवडाभर जाऊन राहा, दिवसभर वर्गात आणि संध्याकाळी हॉस्टेलला. मे मध्ये शाळा बंद असते आणि जूनमध्ये नवीन मुलांच्या रडारडीत कुणाला वेळ नसतो, त्यामुळे ऑगस्ट बरा. मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या, मुलींची शाळा असेल तर ओळखपत्र आणि एखाद्या शिक्षकाची शिफारस मागतील. तिथे गेलात की शिक्षकांना एकट्यात विचारा, पद मंजूर आहे का, पगार वेळेवर होतो का, ब्रेल पुस्तकं सत्राच्या सुरुवातीला मिळतात का. आणि कॉलेज निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका, त्या वर्षाच्या बॅचला मान्यता आहे का ते आरसीआयच्या साइटवर कॉलेजचं नाव घालून स्वतः तपासा. काही अडलं तर इथेच खाली लिहा, मी साधारण रात्री नऊनंतर बघते.